वाईतल्या कोंबड्या आणि मिनेसोटातला बर्फ

धाकटा भाऊ मिनेसोटात असतो आणि तिथं त्यानं घरामागं पाच कोंबड्या पाळल्यात, इथवर आमची काही तक्रार नव्हती. पण परवा त्यानं व्हिडिओ कॉलवर आईला त्याचं खुराडं दाखवलं आणि माझा रविवार गेला. बाहेर गुडघाभर बर्फ, पारा उणे २०, आणि हा कानटोपीतून सांगतोय की आई हे बघ, जाळीला चारी बाजूनं प्लास्टिक मारलंय वारं नको म्हणून, छपराला जादा टेकू दिलेत कारण बर्फाच्या वजनानं वरची जाळी खाली बसते, खाली वीतभर भुसा, आणि बसायला बारीक काठी न ठेवता चपटी फळी, म्हणजे कोंबडी बसली की पायाची बोटं पिसांखाली झाकली जातात. पाणी गोठतं म्हणून भांड्याखाली हीटर. तुऱ्याला व्हॅसलीन.

तो अजून काहीतरी सांगत होता पण आईनं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"आपल्या कोंबड्यांनी काय पाप केलंय रं?"

आता आम्ही वाईजवळ राहतो. थंडी पडत नाही असं नाही, वर महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो आणि तो बघूनच आम्ही स्वेटर काढतो, पण आमच्याकडं पहाटे १०-१२ डिग्री म्हणजे लई झालं. त्यात कोंबडीचं अंग मुळातच ४१ डिग्रीच्या आसपास गरम असतं, वरनं पिसांची गोधडी. हे सगळं मी आईला नीट समजावून सांगितलं. आई म्हणली, "मग आज रात्री तू निज खुराड्यात."

ताडपत्री हळद वाळवायची होती, ती चारी बाजूनं आवळून बांधली, इतकी की मुंगी आत जायची नाही. खाली उसाचं पाचट. चपटी फळी कुठनं आणायची, तर बायकोच्या माहेरचा पाट (हे तिला संध्याकाळी कळलं, तो विषय वेगळा आहे). छपराला टेकू देताना शेजारचे काका कुंपणावरनं म्हणले, "काय, सत्यनारायण हाय का?" मी म्हणलं बर्फ पडणार आहे. ते काही बोलले नाहीत, घरात जाऊन काकूंना घेऊन आले.

व्हॅसलीनचं मात्र मी चुकलो. कोंबडीला अंधारात दिसत नाही, रात्री फळीवरनं उचलली तर गुमान हातात येते, हे मला माहीत होतं. पण आईला दुपारीच पाहिजे होतं. सात कोंबड्या आणि एक कोंबडा, दीड तास. कोंबड्यानं मनगटाला टोच मारली आणि तुरा चमकवत सगळ्या गल्लीत मिरवून आला.

सकाळी ताडपत्री उघडली तर आतनं असा भपकारा आला की डोळ्यातनं पाणी. आतल्या बाजूला थेंब लोंबत होते, पाचट ओलं, कोंबड्या मान खाली घालून बसलेल्या. लगेच भावाला फोन लावला.

"दादा, वर फट नाही ठेवली?" तो म्हणला. "अरे कोंबड्यांच्या श्वासाची आणि शिटीची वाफ वरनं निघून जायला पाहिजे. थंडी त्या काढतात, पण दमट हवा सोसत नाही, तुरासुद्धा ओलाव्यानंच लवकर गारठून काळा पडतो."

"मग हे आईला का नाही सांगितलंस?"

"सांगतच होतो, तिनं फोन ठेवला."

आता वर हातभर फट ठेवलीय, पाचट बदललंय. पण कोंबड्यांचा माझ्यावरचा विश्वास उडालाय तो उडालाच, दिवस मावळला की त्या सगळ्या शेवग्यावर चढतात आणि पाटावर शेजारचं मांजर झोपतं. आई म्हणती, तुझ्या बांधण्यातच खोट हाय. माझे ओठ फुटलेत, व्हॅसलीन मागितलं तर बायकोनं डबी समोर आपटली. आत तीन पिसं होती.