‘घरात बसून युद्धशास्त्र शिकवू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

रासायनिक हल्ल्याविरुद्धची लष्कराची तयारी नुसत्या सूट-मास्कवर भागत नाही, शहरातली हॉस्पिटलंही त्यात धरायला हवीत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली: "मॅडम, लेख उगाच घाबरवणारा आहे. दापोडीला सीएमई (लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज) आहे, सुदुंबऱ्याला एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) आहे, लष्कर समर्थ आहे. भारताने स्वतःचा रासायनिक अस्त्रांचा साठा केव्हाच नष्ट केलाय. घरात बसून युद्धशास्त्र शिकवू नका."

मतभेदाचं मला काहीच नाही हो, पण सुरुवातीला ‘मॅडम’ म्हणायचं आणि शेवटी घरात बसवायचं ही कुठली पद्धत? हेच कुणा पुरुषाने लिहिलं असतं तर तुम्ही त्याला ‘सर, सोर्स द्या’ म्हणाला असता, घराचा विषय निघाला नसता.

आता घराचं काढलंच आहे तर ऐका. माझे वडील बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर तुकडीतले, खडकीच्या क्वार्टर्समध्ये मी वाढले, फौजेबद्दलचा आदर मला कुणी शिकवायची गरज नाही. आणि मी स्वतः आयुष्यभर कॅज्युअल्टीत सिस्टर होते. खेड्यापाड्यातून फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट रात्री-अपरात्री यायचे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर, आणि आम्ही त्यावरचा उतारा असलेल्या अ‍ॅट्रोपिनच्या अँप्यूल फोडून फोडून देत राहायचो. ती कीटकनाशकं आणि सरीन हे रासायनिक अस्त्र एकाच जातीची विषं आहेत, ऑर्गनोफॉस्फेट. शरीरातलं एकच एन्झाइम दोन्हीकडून बंद पडतं, आणि सैनिकाच्या किटमधल्या इंजेक्शनात जे अ‍ॅट्रोपिन असतं तेच आमच्या ट्रेमध्ये असायचं. म्हणजे तुम्ही ज्याला युद्धशास्त्र म्हणता त्याचा एक तुकडा मी हाताने केलाय, घरात बसून नाही. एकदा औषधाने भिजलेला शर्ट तसाच अंगावर ठेवून पेशंट आत घेतला, वॉर्डबॉयला उलट्या सुरू झाल्या, माझं डोकं दिवसभर ठणकत होतं. कपडे दाराबाहेर उतरवा एवढं सांगणारं त्या हॉस्पिटलात कुणी नव्हतं. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणी करताना शेतकरी गेले ते आठवा, म्हणजे ही विषं आपल्याला किती जवळची आहेत ते कळेल.

टोकियोत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. २० मार्च १९९५ ला सकाळच्या गर्दीत मेट्रोच्या पाच गाड्यांमध्ये सरीन सोडलं, माणसं अँब्युलन्सची वाट न बघता चालत, टॅक्सीने, मिळेल त्या गाडीने जवळच्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात पोचली, कुणाचेही कपडे बदलले नव्हते, आणि पेशंटच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने तिथल्या शंभराहून जास्त कर्मचाऱ्यांना त्रास झाला. जपानकडे प्रशिक्षित पथकं नव्हती का? होती, आणि डब्यांची सफाई त्यांनीच केली. पण पेशंट पथकाकडे जात नाही, तो हॉस्पिटलात जातो.

म्हणून सीएमई आणि एनडीआरएफची नावं घेतल्याने माझा मुद्दा खोडला जात नाही. सीएमईत अणु-जैविक-रासायनिक संरक्षणाचं प्रशिक्षण चालतं, ते चांगलंच असणार. पण सुदुंबऱ्याहून स्वारगेटला पोचायला, नाशिक फाट्याचं ट्रॅफिक धरून, किती वेळ लागतो हे तुम्ही पुणेकर असाल तर तुम्हालाच माहीत. सरीन श्वासातून काही मिनिटांत काम करतं. मस्टर्ड गॅसचं उलट आहे, लागतो तेव्हा कळतही नाही, काही तासांनी फोड येतात, तोवर माणूस घरी जाऊन पोरांना जवळ घेऊन बसलेला असतो. पहिल्या तासाला सूट घातलेला जवान तिथे नसणार, असणार ती एखादी नाइट ड्यूटीची मुलगी, साध्या कापडी गाऊनमध्ये. तिला माहिती नसेल तर जवान येईपर्यंत कॅज्युअल्टीच बंद पडलेली असेल, आणि मग त्या जवानाला काही झालं तर त्याला नेणार कुठे?

एक गोष्ट तुमची मान्य, एनडीआरएफवर मी एकच ओळ लिहिली होती, ती थोडकी होती. साठ्याचं म्हणाल तर हो, आपण तो २००९ पर्यंत नष्ट केला, पण आपल्याकडे नाही म्हणून समोरच्याकडे नाही असं होत नाही, यावर जास्त बोलायची गरज मला वाटत नाही.

आणि ‘घाबरवणारा’. अंगावरचे कपडे उतरवून अंग धुतलं की बरंचसं विष निघून जातं, बरेच जण म्हणतात ऐंशी-नव्वद टक्के. त्याला लागतं काय, दाराबाहेर पाण्याची लाइन, एक आडोसा, जाड पिशव्या, चार माणसांना सराव, आणि कपाटात पुरेसं अ‍ॅट्रोपिन. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने रासायनिक दहशतवादावर २००९ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्यात, म्हणजे ही काळजी माझ्या डोक्यातून आलेली नाही. यातलं नेमकं कुठलं वाक्य तुम्हाला घाबरवणारं वाटलं ते लिहा, मी उत्तर देईन. घराबद्दल लिहिणार असाल तर मात्र ती प्रतिक्रिया मी काढून टाकणार आहे.