कार्ड स्टेटस : नॉर्मल

दुधाची पिशवी दाराच्या कडीला सुखरूप लटकते आहे तोवर घरच्या कॅमेऱ्याबद्दल कुणाची काही तक्रार नसते. पिशवी गेली की सगळं घर मोबाइलभोवती गोळा होतं. प्लेबॅकमध्ये सहा दहाला पेपरवाला येऊन जातो, सहा चाळीसला समोरच्या काकू रांगोळी काढायला बसतात, आणि मधली अर्ध्या तासाची पट्टी कोरी! वर ॲप सांगतं, ‘कार्ड स्टेटस : नॉर्मल’. या शेऱ्यावर मी शाळा सोडल्याच्या दाखल्यातल्या ‘वर्तणूक : चांगली’ इतकाच भरवसा ठेवतो. कॅमेऱ्यात रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मेमरी कार्डाच्या खाचेत काहीतरी घातलेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मोबाइलवर लाइव्ह दिसतंय म्हणजे रेकॉर्डही होतंय, असं समजणारे लोक फार. लाइव्ह चित्र वाय-फायवरून परस्पर फोनवर येतं, कार्डाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून तपासायचं तर प्लेबॅक उघडावा, काल रात्री तीनची वेळ लावावी आणि दोन मिनिटं चालवून बघावं.

तिथे काहीच नसेल तर आधी रेकॉर्डिंगचा मोड बघा. बरेच कॅमेरे मुळातच ‘हालचाल झाली तरच’ यावर लावलेले येतात. हालचाल म्हणजे काय, हे कॅमेरा ठरवतो आणि त्याची आवड विचित्र असते. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की भिंगापुढचं कोळ्याचं जाळं पांढरंशुभ्र चमकतं, वाऱ्यावर हलतं, आणि कॅमेरा रात्रभर त्याचंच चित्रण करतो. मध्येच पाल येते, तिचा क्लोजअप तर अप्रतिम. दूर अंधारातून हळूहळू चालत येणारा माणूस मात्र दखलपात्र ठरत नाही. मोड ‘सतत’ वर टाकावा. ते नको असेल तर हालचालीचा टप्पा दारापुरता आखून घ्यावा, आणि महिन्यातून एकदा मऊ ब्रशने जाळं काढावं.

सतत रेकॉर्डिंग म्हटलं की हिशेब आला. १०८० पी चित्राला सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे पाव एमबी, धरले तर तासाला ९०० एमबी होतात, दिवसाला २१.६ जीबी. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड तीन दिवसांत भरतं आणि जुन्यावर नवं लिहायला लागतं. दहा दिवस गणपतीला गावी जाऊन आलात तर शेवटचे तीन दिवस बघायला मिळतील, आणि चोराला हे माहीत नसतं एवढाच दिलासा. कॅमेऱ्यात एच.२६५ ची (चित्रण आणखी दाबून साठवायची) सोय असेल तर ती चालू करा, जागा जवळजवळ निम्मी लागते. ‘ओव्हरराइट’, म्हणजे हे जुन्यावर लिहिणं, बंद राहिलं असेल तर चौथ्या दिवशी रेकॉर्डिंग थांबतं, तेही न सांगता.

दुकानदार कार्डावरचा ‘१०० एमबी’ हा आकडा बोट ठेवून दाखवतो. तो बहुधा वाचनाचा वेग असतो. आपल्या कॅमेऱ्याला लिहायला सेकंदाला पाव एमबी लागतो, क्लास १० कार्ड १० एमबीची हमी देतं. वेग उदंड आहे, प्रश्न टिकण्याचा आहे. कॅमेरा थोडं थोडं लिहितो, पण कार्डाला आत मोठे ठोकळे पुसून पुन्हा भरावे लागतात, त्यामुळे झीज दिसते त्याहून बरीच जास्त होते. म्हणून ‘हाय एन्ड्युरन्स’, म्हणजे जास्त टिकणारं, असं लिहिलेलंच कार्ड घ्यावं. साध्या कार्डांच्या वॉरंटीत बारीक अक्षरांत पुष्कळदा लिहिलेलं असतं, की सतत रेकॉर्डिंगला वापरलंत तर आम्ही जबाबदार नाही. ती अक्षरं वाचायला मात्र कॅमेराच लागतो.

पदपथावर कवडीमोलाने मिळणाऱ्या ५१२ जीबीच्या कार्डात खरे १६ जीबी असू शकतात. तेवढे भरले की पुढचं सगळं हवेत लिहिलं जातं. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफथ्री हे प्रोग्रॅम रिकामं कार्ड काठोकाठ भरून परत वाचतात आणि खरं माप सांगतात. ६४ जीबीला तास-दोन तास लागतात.

झिजलेल्या कार्डाचं मरण बघण्यासारखं असतं. फॉरमॅट दाबा, पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते, ‘यशस्वी’ असा निरोप येतो. कार्ड काढून परत घाला, तर गेल्या दिवाळीतला आकाशकंदील जिथल्या तिथे हलतोय! कार्ड फक्त वाचण्यापुरतं उरलं आहे, त्यात नवीन काही शिरणार नाही. कॉम्प्युटरवर तपासत असाल तर ज्यात हे छोटं कार्ड घालतात त्या मोठ्या कार्ड-ॲडॉप्टरच्या कडेची ‘लॉक’ची चिमुकली पट्टी आधी बघा. ती खाली सरकलेली असली की चांगलं कार्डही हटून बसतं. आणि फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्याच्या ॲपमधूनच. ६४ जीबी आणि वरची कार्डं कारखान्यातून फाइली मांडायच्या एक्सफॅट पद्धतीत येतात, काही कॅमेऱ्यांना फॅट३२ लागतं.

पण माझ्या मते खरा खलनायक कार्ड नाहीच, कॅमेऱ्याला वीज देणारा ॲडॉप्टर आहे. दिवसभर रेकॉर्डिंग सलग आणि रात्री तुकडे तुकडे, अशी तक्रार आली की मी कॅमेऱ्याकडे बघतच नाही, थेट प्लगकडे जातो. तिथे जुन्या फोनचा चार्जर आणि त्याला पाच मीटरची बारीक यूएसबी वायर. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट जास्त ओढला जातो, लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा रीस्टार्ट होतो. एमपीफोर फाइलची सूची साधारणपणे शेवटी लिहिली जाते, त्यामुळे अर्धवट तुटलेली फाइल दिसते पण उघडत नाही. ५ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला ॲडॉप्टर, आखूड जाड वायर. प्लग लांब असेल तर २३० व्होल्टचा एक्स्टेन्शन बोर्ड पुढे न्यावा, यूएसबी लांबवू नये.

लाइट जाऊन आली की आणखी गंमत. ज्या कॅमेऱ्यात घड्याळाची बॅटरी नसते, तो पुष्कळदा १ जानेवारी १९७० ला, पहाटे साडेपाचला जागा होतो. राउटर सुरू होऊन इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंतचं चित्रण त्या तारखेखाली जाऊन बसतं. हरवलेली दहा मिनिटं तिथेही शोधावीत. टाइम झोन जीएमटीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) राहिला असेल तर सव्वासहाची दूधचोरी रात्री पाऊण वाजता दिसते, आणि उगाच वॉचमनवर संशय येतो.

कार्ड बदलताना आधी प्लग काढा. गोल डोक्याच्या कॅमेऱ्यात खाच भिंगाखाली लपलेली असते, डोकं हाताने वर उचललं की दिसते. कार्ड नखाने ‘टक’ वाजेपर्यंत आत दाबायचं. काढताना दुसरा हात खाली धरा, कारण स्प्रिंग ते नखाएवढं कार्ड थेट चपलांच्या स्टँडमागे उडवते.

चोरी खरोखर झालीच, तर बघत बसण्याआधी कॅमेऱ्याचा प्लग काढा, नाहीतर तेच चित्रण नव्याखाली पुसलं जाईल. कार्डाची प्रत काढा, मूळ कार्ड पाकिटात घालून वर तारीख लिहा, आणि ‘कार्ड रिपेअर करून घ्या’ असं कॉम्प्युटर म्हणाला तरी ‘हो’ म्हणू नका. पाकीट कुठे ठेवलं ते घरात दोघांना तरी सांगून ठेवा.