जुनं पुस्तक कधी चालतं, कधी नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. वेब अ‍ॅप्लिकेशन शिकायला पुस्तक कसं निवडावं, या माझ्या लेखात 'थोडं जुनं पुस्तकही चालतं' असं एक वाक्य होतं. ते वाचून तुमच्या धाकट्या भावाने पुण्यात अप्पा बळवंत चौकातून जँगोचं (पायथन भाषेत वेबसाइट बनवायच्या तयार साच्याचं) सेकंडहँड पुस्तक घेतलं, घरी येऊन आजचं जँगो इन्स्टॉल केलं आणि मॉडेल्सच्या, म्हणजे डेटाबेसमधली टेबलं ठरवायच्या, प्रकरणातच आठ दिवस अडकून पडला. त्यावरून तुम्ही म्हणता की, या क्षेत्रात छापील पुस्तकावर पैसे घालवण्यात अर्थ नाही; व्हिडिओ आहेत, डॉक्युमेंटेशन आहे, आता एआय आहे. शिवाय सहाशे पानांचं इंग्रजी मराठी माध्यमातल्या मुलाने वाचायचं कसं?

त्या आठ दिवसांचा दोष माझा आहे. 'जुनं चालतं' लिहिलं, पण पुस्तकात जे व्हर्जन वापरलंय तेच मशीनवर टाकायचं, हे लिहायचं राहिलं. आपल्याला रोजच्या सवयीने ते सांगावंसंही वाटत नाही, पण नवशिक्याला ते कुठून कळणार? लेखात आज दुरुस्ती केली आहे. तुमच्या भावाची मनापासून माफी मागतो.

पण त्याला आलेला एरर जरा जवळून बघू या. फॉरेन कीला (एक टेबल दुसऱ्याशी जोडणाऱ्या रकान्याला) 'ऑन_डिलीट' हा आर्ग्युमेंट, म्हणजे सोबत द्यायची माहिती, मिळाला नाही, अशी त्या एररची तक्रार आहे. जोडलेली नोंद पुसली तर काय करायचं, ते त्यात सांगायचं असतं. जँगो 2.0 डिसेंबर 2017 मध्ये आलं, तेव्हापासून तो द्यावाच लागतो. त्याआधीच्या पुस्तकांत तो बहुतेक वेळा दिसणारच नाही, कारण दिला नाही तर जँगो स्वतःच 'कॅस्केड' धरून चालायचं. म्हणजे काय? समजा, सोसायटीच्या मेंटेनन्सचं अ‍ॅप आहे. एक टेबल सभासदांचं, दुसरं पावत्यांचं. प्रत्येक पावती फॉरेन कीने सभासदाला जोडलेली. एकाने फ्लॅट विकला, सेक्रेटरींनी त्याचं नाव यादीतून काढलं. कॅस्केड असेल तर नावाबरोबर त्याच्या सगळ्या पावत्याही गेल्या. ऑडिटच्या वेळी हिशेब कसा लागणार? तिथे 'प्रोटेक्ट' हवं, म्हणजे पावत्या शिल्लक असेपर्यंत सभासद पुसताच येणार नाही. जँगोने हा आर्ग्युमेंट सक्तीचा केला तो या प्रश्नाचा विचार आधीच व्हावा म्हणून. तुमचा भाऊ अडकला ती जागा फार महत्त्वाची आहे. तिथे 'हे पुस्तक अमुक व्हर्जनचं आहे' एवढं सांगणारं कुणी असतं, तर अर्ध्या तासात तो पुढे गेला असता.

पुस्तकाचं जुनेपण दोन तऱ्हेचं असतं, आणि माझ्या मते निवडीचा सगळा प्रश्न इथेच आहे. पहिली तऱ्हा म्हणजे लिहायची पद्धत बदललेली. जँगोत यूआरएल, म्हणजे पानांचे पत्ते, पूर्वी रेग्युलर एक्स्प्रेशनने (अक्षरांचा नमुना सांगणाऱ्या चिन्हांनी) लिहायचे, 2.0 पासून 'पाथ' हे सोपं फंक्शन आलं, आणि 4.0 मध्ये जुनं 'यूआरएल' फंक्शन काढूनच टाकलं. याने खोळंबा होतो, नुकसान होत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे पुस्तकाने लावलेली वाईट सवय. ती एरर देत नाही, म्हणून ती जास्त घातक.

हे मी स्वतः भोगलं आहे. 2012 साली पीएचपी या वेबसाठीच्या भाषेच्या एका जुन्या पुस्तकावरून मी वसईतल्या एका क्लाससाठी प्रवेशाचा फॉर्म केला होता. फॉर्ममधून आलेलं नाव थेट एसक्यूएलच्या (डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेच्या) ओळीत जोडायचं आणि ती ओळ 'मायएसक्यूएल_क्वेरी' या फंक्शनला द्यायची, असं पुस्तकात होतं. मी तसंच केलं. दोन दिवस सगळं व्यवस्थित चाललं. तिसऱ्या दिवशी डिसोझा आडनावाची मुलगी आली. इंग्रजीत या आडनावात डी नंतर अपॉस्ट्रॉफी असतो, आणि एसक्यूएलमध्ये तेच चिन्ह मजकुराची सुरुवात आणि शेवट दाखवतं. डेटाबेसच्या लेखी नाव 'डी'वरच संपलं आणि पुढचं 'सोझा' म्हणजे त्याला न कळणारी आज्ञा. पान एरर देऊन थांबलं. तिच्या मागे डिमेलो उभा होता. मी दुरुस्तीला बसलो तेव्हा खरी धास्ती बसली : साध्या आडनावाने जी क्वेरी मोडते, ती मुद्दाम लिहिलेल्या मजकुराने कुणीही हवी तशी वळवू शकतो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हेच. पुस्तकात त्याबद्दल एक ओळ नव्हती. ती जुनी फंक्शन्स डिसेंबर 2015 मध्ये आलेल्या पीएचपी 7 मधून कायमची गेली. आज पीएचपी शिकायला घेतलेल्या पुस्तकात ती दिसली, किंवा पासवर्ड एमडी5 (आता सहज फोडता येणारी जुनी पद्धत) करून ठेवायला सांगितलं असेल, तर कितीही स्वस्त मिळालं तरी ते दुकानातच ठेवा. त्यातला कोड आजच्या पीएचपीवर चालवून घेता आला, तरी सवय जुनीच लागेल. प्रीपेअर्ड स्टेटमेंट (ज्यात आज्ञा आणि फॉर्ममधला मजकूर वेगवेगळे दिले जातात) पहिल्या क्वेरीपासून वापरणारं पुस्तक घ्या.

दुकानात पुस्तक हातात आलं की शीर्षकाच्या मागचं पान आधी बघा. आपल्याकडे भारतीय आवृत्त्यांवर पुनर्मुद्रणाचं साल वेगळं असतं आणि मूळ आवृत्तीचं वेगळं. 2021 चं पुनर्मुद्रण आत 2016 चं पुस्तक असू शकतं. मग प्रस्तावनेत व्हर्जन शोधा. जँगोच्या बाबतीत दशांश चिन्हानंतर 2 असलेली व्हर्जन, म्हणजे 2.2, 3.2, 4.2, 5.2, ही दीर्घ मुदतीची. त्यांना साधारण तीन वर्षं सुरक्षेचे अपडेट मिळतात, म्हणून त्यांवर बेतलेलं पुस्तक जास्त टिकतं. नंतर फॉर्मचं प्रकरण उघडा. फॉर्म भरल्यावर दुसऱ्या पानावर रीडायरेक्ट का करायचं, हे समजावलंय का? नसेल, तर त्यातून शिकलेल्याच्या अ‍ॅपमध्ये कुणी रिफ्रेश दाबलं की एकाच पैशाच्या दोन पावत्या फाटतील. शेवटचं प्रकरणही चाळा. अ‍ॅप सर्व्हरवर चढवून दाखवलंय, की स्वतःच्या मशीनवर चाललं तिथेच पुस्तक आटोपलंय?

डॉक्युमेंटेशनबद्दल तुमचं बरंचसं पटतं. जँगोचं अधिकृत ट्युटोरियल मोफत आहे, नव्या व्हर्जनबरोबर तेही सुधारलं जातं, आणि सुरुवात तिथूनच करावी. पण त्यातलं मतदानाचं अ‍ॅप पूर्ण केलं तरी लोकांनी स्वतःचं खातं काढून लॉगिन करणं त्यात येत नाही, एकच माणूस हवी तितकी मतं देऊ शकतो, आणि सर्व्हरवर चढवण्याचा भागही नाही. एकच अ‍ॅप रिकाम्या फोल्डरपासून लोकांच्या वापरापर्यंत सलग नेणं, हे काम चांगलं पुस्तक करतं. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि एडिटर उघडला की हात थांबतात. कितीतरी मुलांचं हे मी शेजारी बसून पाहिलं आहे. एआय कोड लिहून देईल, पण त्या कोडमध्ये डिसोझांचं आडनाव नीट बसतंय का, हे तपासायची नजर आधी आपल्याला यायला हवी.

इंग्रजीच्या मुद्द्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. आपल्या भाषेत असं पुस्तक हवं, आणि ते नाही याची खंत मलाही आहे. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेतला. मला उपयोगी पडलेली रीत एवढीच : आधी कोड हाताने टाइप करायचा, चालवायचा, मग त्याच्या वरचा परिच्छेद वाचायचा. कोडने काय केलं ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे शब्द अडला तरी अर्थ लागतो. आणि शक्यतो दोघांनी मिळून वाचायचं. सहाशे पानं सलग वाचायची नसतातच. पहिलं अ‍ॅप उभं राहतं तिथपर्यंत नेटाने जायचं, बाकीचं गरज पडेल तसं.

आता तुमच्या भावाबद्दल. ते पुस्तक जँगो 1.11 चं असेल, तर वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (मशीनवरच्या बाकीच्या पायथनपासून अलग ठेवलेल्या जागेत) पायथन 3.6 आणि जँगो 1.11 टाकून त्याला ते पूर्ण करता येईल. फक्त स्वतःच्या मशीनवर, कारण 1.11 चे सुरक्षा अपडेट एप्रिल 2020 मध्ये बंद झाले. पण मी त्याच्या जागी असतो तर पुस्तक बदलून 4.2 किंवा 5.2 वरचं घेतलं असतं. त्याच्या पुस्तकाच्या शीर्षकामागच्या पानाचा आणि अनुक्रमणिकेचा फोटो पाठवा. कुठली प्रकरणं अजून उपयोगी आहेत आणि कुठली सोडून द्यायची, ते पाहून रविवारपर्यंत कळवतो.