विचार की, फार तर ओरडतील

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं.

भाच्याच्या कॉलेजात पालक सभा होती. इंजिनिअरिंग, पहिलं वर्ष. बहीण-मेहुणे तिकडे केजजवळ, सोयाबीन काढणीला आलेलं, वरून पावसाची धास्ती, ते कुठून येणार? म्हणून पुण्यातली मावशी या नात्याने मी अर्धी रजा टाकून गेले. आधी एका पाहुण्यांनी पहाटे उठायचे आणि ध्येय कागदावर लिहून भिंतीला चिकटवायचे फायदे सांगितले. पाहुणे असतात तसे होते, त्यांचं काही नाही. मग पहिल्या वर्षाचे समन्वयक उठले आणि म्हणाले, "तुमची मुलं वर्गात प्रश्नच विचारत नाहीत. विचारा म्हटलं की माना खाली. शिकायची इच्छाच नाही."

माझ्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ होते. पांढरी टोपी, रात्रीच्या एसटीने आलेले असावेत, पिशवी मांडीवरच. ते अर्धवट उठले, हात जोडले आणि म्हणाले, "सर, मी सांगतो त्याला समजावून." जणू पोराने चोरी केलीय.

तेव्हापासून सटकलंय ते अजून जाग्यावर नाही.

अहो सर, पोरगं का विचारत नाही हे तुम्ही कधी त्याला विचारलंत? कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेशप्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीत नंबर लागलेला मुलगा वर्गात येतो तेव्हा एम-वनचं, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरचं, पहिलं युनिट संपत आलेलं असतं. शेजारचा मुलगा शाळेपासून कोडिंग शिकून आलेला, आणि हा लॅबमध्ये एका बोटाने सेमिकोलन शोधतोय. टर्मवर्क म्हणजे काय, सबमिशन कुणाकडे करायचं, ड्राफ्टर आपला आणायचा की कॉलेज देतं, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागलं तर पुढे काय, यातलं त्याला कुणी काही सांगितलेलं नाही. तरी त्याने एकदा विचारलं. मराठीत विचारलं. मागच्या बाकांवर हशा पिकला आणि सरसुद्धा हसले. हे भाच्याने मला सांगितलं तेही ताटात मान घालून, मी भलतंच काही विचारत असताना. त्यानंतर कशाला कोण हात वर करेल?

मी तर त्याच्या वयाची असताना तोंडच उघडत नव्हते. बीएस्सीला पुण्यात आले, हॉस्टेलवर राहिले, आणि कितीतरी दिवस ऑफिसच्या त्या खिडकीसमोरून नुसती जायची आणि परत यायची. ईबीसीचा, म्हणजे फी सवलतीचा, फॉर्म तिथे मिळतो एवढं कळलं होतं. शेवटची तारीख जवळ येत होती आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली. शेजारच्या खोलीत औशाची एक ताई होती, एमएस्सी करणारी. तिने खोदून खोदून माझ्याकडून काढून घेतलं आणि सकाळी मला हाताला धरून खिडकीपाशी नेलं. मला वाटलं, आता ही विचारेल. ती जिन्याजवळ जाऊन उभी राहिली. "मी नाही. तू विचार. खातो का काय तो? फार तर ओरडेल."

ओरडलाच तो. जेवणाची वेळ दिसत नाही का, म्हणून. पण फॉर्म दिला.

माझी फी वाचली ती वाचलीच. पण ओरडा खाऊन माणूस मरत नाही हे त्या दिवशी कळलं ना, त्यावर मी बीएस्सी काढली. जर्नल सर्टिफाय करायला सर कधी भेटतात हे लॅबच्या मामांना विचारलं, पेपर कसा लिहायचा हे सिनिअर मुलींना विचारलं, कळलं नाही तर परत विचारलं. हुशार वगैरे मी काही नव्हते हो.

आता म्हणाल, काही पोरं खरंच टवाळ असतात, लेक्चरला मागे बसून रील्स बघतात. असतात. मान्य. आणि शिकवणारेही अर्धे तासिका तत्त्वावर, त्यांचाच पगार वेळेवर नाही, ते कुणाकुणाला हाताला धरणार? तेही मान्य. पण मग स्टेजवरून 'इच्छाच नाही' असं म्हणू नका. टोपीवाल्या बापासमोर तर नकोच नको.

बरं, कागदावर सगळं आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१९ मध्येच 'दीक्षारंभ' आणला. नव्या मुलांना आधी रुळू द्या, छोटे गट करा, प्रत्येक गटाला आपला म्हणावा असा एक शिक्षक द्या, सिनिअर मुलं जोडून द्या. कल्पनेत खोट काढायला जागा नाही. भाच्याच्या कॉलेजात त्याचं काय झालं? हॉल, खुर्च्या, शाल-श्रीफळ, ट्रस्टींचं भाषण, प्लेसमेंटचा पीपीटी आणि शेवटी समोसा. 'तुझा मेंटॉर कोण?' असं मी त्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी, ग्रुपवर लिस्ट आली होती, पण ते सर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये बसतात." हजेरी ७५ टक्के पाहिजे हे मात्र पहिल्या दिवशी पाठ करून घेतलं.

आणि हे आपल्या महाराष्ट्रात! शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृह काढलं, मग एकेक करत किती निघाली. कर्मवीर अण्णांनी साताऱ्यात बोर्डिंग चालवलं, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी त्यापायी मंगळसूत्र मोडलं. ही माणसं काय फी माफ करून गप्प बसू शकत नव्हती? पण परगावच्या पोराला फीइतकंच शेजारच्या गादीवर झोपणारं, एक वर्ष पुढे असलेलं पोरगं लागतं, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं. आज पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था १९५५ पासून ते काम करताहेत, पण किती पोरांना पुरणार? बाकीची कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीत एका खाटेपुरती. एका खोलीत चौघं, चौघंही फर्स्ट इयरची, चौघांनाही काही माहीत नाही. वर घरमालकांच्या सूचनांचा फलक. (त्यावर वेगळी पोस्ट लिहीन कधीतरी.)

माझ्या वेळी निदान खिडकी होती हो. आता स्कॉलरशिपसाठी महाडीबीटीचं सरकारी पोर्टल आहे. पोर्टल ओरडतसुद्धा नाही. ओटीपी येत नाही, आधार बँकेला जोडलेलं नाही, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा आहे, अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून आहे, आणि त्या काचेच्या पलीकडे कुणी बसलेलंच नाही. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, हे माझ्या भाच्याला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. बाप अल्पभूधारक आहे त्याचा! त्याच्याच बॅचमधल्या एका मुलीच्या वडिलांनी हातउसने आणून पूर्ण फी भरली. ओबीसी, आठ लाखांच्या आत उत्पन्न, म्हणजे २०२४-२५ पासून अशा मुलींना शिक्षण शुल्क माफ. तिला सांगण्यात आलं, आधी भरा, आलं की परत करू. तिने 'का?' असं विचारलं नाही. कसं विचारणार? तिच्याबरोबर जिन्याजवळ उभं राहायला कोण होतं?

मगाशी कॉलेजातून येताना भाच्याला घेऊन अप्पा बळवंत चौकात गेले. जुनी पुस्तकं घेतली. दुकानदाराला त्याने स्वतः विचारलं, हे नव्या पॅटर्नचं आहे का. दुकानदार खेकसला, "वाचता येतं ना? वर लिहिलंय." पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी दुसरीकडे बघितलं. मग त्याने पुढचं पुस्तक उचललं आणि परत विचारलं. चहा प्यायला बसल्यावर म्हणाला, मावशी, एम-वन राहिला तर? मी त्याला खोटं सांगितलं नाही. राहिला तर केटी लागेल, म्हणजे तो विषय पुन्हा द्यावा लागेल, आणि पहिल्या वर्षाचे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला बसता येणार नाही, त्यामुळे आत्ताच त्या सरांच्या केबिनमध्ये जायचं. मराठीत विचारायचं. हसले तर हसले. "आणि हाकलून दिलं तर?" मग दुसऱ्या सरांकडे जायचं. घाबरलाय बिचारा. गावाकडे दहावीला याचा बोर्ड लागला होता चौकात, फोटोसकट. आता आईला फोनवर 'बरं चाललंय' एवढंच सांगतो.

एवढ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांचा मेसेज: 'हल्लीच्या मुलांना सगळं आयतं लागतं, आम्ही कंदिलाखाली शिकलो.' काका, कंदिलाखाली शिकलात, पण पुण्यात आत्याच्या घरी राहून शिकलात. आत्याचे यजमान त्याच कॉलेजात हेडक्लार्क होते. ग्रुपवर हे लिहायला गेले, पण बहीण आहे तिथे, उगाच तिला त्रास. म्हणून इथे लिहिलं. काका फेसबुकवर नाहीत. असले तर असोत.

तर. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते आणि ही पोरं वडापाववर झोपतात. यंदा पहिल्या वर्षाला पुण्यात आलेलं तुमच्या गावचं, नात्यातलं, शेजारपाजारचं कुणी असेल तर इनबॉक्समध्ये नाव कळवा. कुठलीही शाखा, कुठलंही कॉलेज. पिठलं, भाकरी, ठेचा आमच्याकडे. येताना महाडीबीटीचे कागद आणि बँकेचं पासबुक आणायचं, बँकेत नोकरी असल्यामुळे आधार जोडणीचं मला कळतं. इंजिनिअरिंगचं मला ओ की ठो कळत नाही, त्यासाठी थर्ड इयर-फोर्थ इयरची दोन-चार मुलं-मुली हवी आहेत. त्यांनाही जेवण आहे.

आणि माझ्या लिस्टमध्ये जे प्राध्यापक आहेत त्यांनी भांडायला खुशाल कमेंटमध्ये यावं. मी जागी आहे.