‘मन मारून किती दिवस जगायचं?’ या कमेंटला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची कमेंट दोनदा वाचली. दोन ओळींत ‘धन्यवाद, विचार करतो’ लिहून सोडून द्यावी अशी ती नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय.

बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमधे मी लिहिलं होतं की पगार वाढला म्हणून गाडी बदलू नका, वाढलेला पगार काही महिने खात्यात येऊ द्या आणि मग ठरवा. त्यावर हिंजवडीत नोकरी करणाऱ्या या दादांनी लिहिलंय की असले सल्ले मध्यमवर्गीय माणसाला कायम अपराधी वाटायला लावतात, वडिलांनी आयुष्यभर स्कूटरवर काढलं, मन मारलं, आता आम्हीपण मारायचं का? त्यांच्याकडे २०१३ ची वॅगन आर एलएक्सआय आहे, तिला एअरबॅग नाहीत, घरात चार वर्षांची मुलगी आहे. यंदा ४ लाखांची हाईक मिळाली, सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) २० लाख झालं, जीएसटीपण कमी झालाय, ईएमआय वाढलेल्या पगारातूनच निघतो, मग १५ लाखांची एसयूव्ही घेतली तर बिघडलं कुठे?

दादा, तुमच्या कमेंटमधे खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मुलीची सेफ्टी आणि दुसरी हाईक. तुम्ही त्या एकाच वाक्यात लिहिल्यात आणि माझं सगळं म्हणणं असं आहे की त्या एकमेकींपासून सोडवा. गाडी बदलायची की नाही हे गाडीकडे बघून ठरवायचं असतं, पगाराच्या स्लिपकडे बघून नाही. तुमच्या केसमधे गाडीकडे बघितलं तर उत्तर ‘बदला’ असंच येतं, आणि ते हाईक मिळाली नसती तरी तेच आलं असतं.

आपल्याकडे ड्रायव्हर एअरबॅग कंपल्सरी झाली जुलै २०१९ पासून, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम, त्याच वर्षी एप्रिलपासून, आणि शेजारच्या सीटची एअरबॅग तर त्यानंतर २०२१ मधे. म्हणजे २०१३ च्या खालच्या व्हेरियंटला यातलं काही नसणारच. २०१४ मधे गाड्यांच्या क्रॅश टेस्ट घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने भारतातल्या छोट्या गाड्यांच्या बिनएअरबॅगच्या व्हेरियंट्सच्या टेस्ट घेतल्या तेव्हा ऑल्टो ८००, नॅनो, आय टेन, फिगो, पोलो या सगळ्यांना झिरो स्टार मिळाले होते. त्या काळातली गाडी घेऊन तुम्ही एक्सप्रेसवेवर मुलीला मागे बसवून जाताय आणि तुम्हाला काळजी वाटतेय, तर ती काळजी शंभर टक्के बरोबर आहे. मी तुमच्या जागी असतो तर मलापण झोप लागली नसती.

पण मग प्रश्न असा येतो की या काळजीचं उत्तर १५ लाखांचंच का? सेफ्टी काही गाडीच्या लांबीवर किंवा सनरूफवर मिळत नाही. टाटाची पंच २०२१ मधे क्रॅश टेस्टमधे फाइव्ह स्टार आली, अल्ट्रोज त्याच्याही आधी, नवीन डिझायर २०२४ मधे आली, आणि या तिन्ही गाड्या चार मीटरच्या आतल्या. आता जीएसटीचं बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जी मोठी कपात झाली ती छोट्या गाड्यांवर झाली, पेट्रोलमधे १२०० सीसीपर्यंत आणि चार मीटरच्या आत असेल तर आधी सेस, म्हणजे वरचा जादा कर, धरून २९ टक्के होता तो सरळ १८ वर आला. तुम्ही ज्या साइजची एसयूव्ही म्हणताय तिच्यावर आधी सेस धरून ४५ ते ५० च्या घरात टॅक्स होता, तो ४० झाला. फरक पडला, नाही असं नाही, पण ‘जीएसटी कमी झाला म्हणून मोठी गाडी’ हे गणित उलटं आहे, सवलतीचा मोठा वाटा छोट्या गाडीकडे गेलाय.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो, गाडी येईल तेव्हा येईल, मुलीसाठी चाइल्ड सीट आजच बघायला लागा, आणि मागच्या सीटचे बेल्ट आजच वर काढा. कितीतरी गाड्यांमधे ते सीट कव्हरच्या खाली दाबून टाकलेले असतात. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ, मर्सिडीज होती, मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावलेले नव्हते आणि ते दोघंच गेले. गाडी कितीही भारी असली तरी मागचा बेल्ट लावला नाही तर तिचा उपयोग नाही. शिवाय खाली वाकून टायरच्या साइडवॉलवर बघा, लंबगोलात चार आकडे असतात, समजा २३१९ असतील तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नक्षी छान दिसत असेल तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं आणि पावसात ब्रेक मारल्यावर ते कळतं. हे सगळं काही हजारांत होतं, ते गाडी बदलेपर्यंत थांबवू नका.

आता हाईककडे येतो. ४ लाख भागिले १२ केलं की ३३ हजार येतात आणि ‘ईएमआय त्यातूनच निघतो’ हे वाक्य तिथून येतं. पण ते ४ लाख सीटीसीमधे आलेत, खात्यात नाही. बेसिक निम्मं आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग, १० टक्के धरा, बहुतेक आयटी कंपन्यांचं असंच काहीतरी असतं. ४० हजार व्हेरिएबलमधे गेले, ते वर्षाच्या शेवटी मिळतील आणि पूर्ण मिळतीलच असं नाही. वाढलेल्या २ लाख बेसिकवर पीएफचे २४ हजार कंपनीच्या नावाने कापले जाणार आणि २४ हजार तुमच्या नावाने, साडेनऊ हजारांच्या वर ग्रॅच्युइटी. उरलेल्यावर इन्कम टॅक्सच्या नवीन रिजीममधे तुमचा स्लॅब १५ आणि २० टक्क्यांचा. हे सगळं वजा करून मी मांडलं तर महिन्याला हातात वाढ येते २० हजारांच्या आसपास. पीएफ तुमचाच पैसा आहे, मान्य, पण त्यातून ईएमआय जात नाही.

मग गाडीचं बघा. एक्स-शोरूम १५ लाख, पेट्रोल. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १२ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार. इन्शुरन्स, त्यात थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा, तीन वर्षांचा एकदम भरावा लागतो. १० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणारा आधीच गोळा करतो तो इन्कम टॅक्स, १५ हजार, तो रिटर्न भरताना क्लेम करायचा, बरेच जण विसरतात. फास्टॅग, ऍक्सेसरीजचं पॅकेज, एक्स्टेंडेड वॉरंटी. साडेसतरापर्यंत सहज जातं. साडेतीन लाख तुम्ही भरले आणि १४ लाखांचं लोन काढलं, ९ टक्क्यांनी, सात वर्षं, तर ईएमआय येतो साडेबावीस हजार. पाच वर्षं केलं तर २९ हजार. सात वर्षांत व्याजाचेच जवळजवळ ४ लाख ९० हजार जातात.

म्हणजे हातात येणारी वाढ २० आणि हप्ता साडेबावीस. यात अजून पेट्रोल आलं नाही. महिन्याला हजार किलोमीटर धरलं आणि सोळाचं ऍव्हरेज बाराचं झालं तर एकवीस लिटर जास्त लागतं, म्हणजे दोन हजारांच्या वर. दरवर्षीचा इन्शुरन्स आणि सर्व्हिसिंग वेगळं. तेव्हा ‘वाढलेल्या पगारातून निघतो’ हे होत नाहीये दादा, जुन्या पगारातलेही पाच-सहा हजार जातायत, आणि ते सात वर्षं. चार वर्षांची मुलगी तोपर्यंत अकरा वर्षांची होईल, म्हणजे या हप्त्याच्या मधेच तिची प्राथमिक शाळेची सगळी वर्षं येणार, ती फी कुठे कमी होत नाही.

माझ्या बहिणीबरोबर आणि मेहुण्याबरोबर मी मागे शोरूमला गेलो होतो, कुठलं ते महत्त्वाचं नाही. सेल्सवाल्या मुलाने कोटेशनचा कागद पुढे सरकवला, खाली मोठ्या अक्षरात फक्त ईएमआय लिहिलेला, त्याच्याभोवती पेनाने गोल केलेला, आणि वरच्या ओळींमधे हँडलिंग चार्जेस, बेसिक किट, टेफलॉन कोटिंग असं बारीक बारीक. बहिणीने शांतपणे एकेका ओळीवर बोट ठेवून ‘हे काय, हे घेणं सक्तीचं आहे का’ विचारायला सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी तो मुलगा आत जाऊन मॅनेजरला विचारून यायचा आणि ती ओळ खोडायचा. तुम्ही जाल तेव्हा हेच करा. ईएमआय नंतर, आधी ऑन-रोड किमतीची एकेक ओळ. आणि इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घेतला पाहिजे असं नाही, बाहेरून कोटेशन काढून समोर ठेवा.

आता मन मारण्याचं. मला ते वाक्य लागलं कारण आमच्याही घरी तेच होतं. बाबांनी काय काय घेतलं नाही याची यादी आईला आजही पाठ आहे. त्यामुळे तुम्ही जे म्हणताय ते मला पुस्तकातून समजावून घ्यावं लागत नाही. पण मी कुणाला मन मारायला सांगत नाहीये. तुम्हाला ड्रायव्हिंगची मनापासून आवड असेल, शनिवार-रविवार कोकणात नाहीतर भंडारदऱ्याला जाणं हाच तुमचा आनंद असेल, तर मोठी गाडी हे चांगलं कारण आहे आणि त्यासाठी पैसे खर्च करायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त तेव्हा स्वतःशी तसं म्हणा, की मला ही गाडी आवडते म्हणून घेतोय. मुलीच्या सेफ्टीचं नाव त्याला देऊ नका, कारण मग सेफ्टीच्या नावावर सनरूफ आणि मोठी स्क्रीन येते आणि त्याच्यासाठी टॉप व्हेरियंट येतं आणि हिशेब कुठे गेला ते कळत नाही. वडिलांनी मन मारलं ते पैसे नव्हते म्हणून. तुमच्याकडे पैसे आहेत, म्हणून तर निवडायचं स्वातंत्र्य आहे, ते सात वर्षांच्या हप्त्याला आधीच देऊन टाकू नका एवढंच मी म्हणतो.

नोकरीचं पण बोलायलाच पाहिजे. २०२५ च्या जुलैमधे टीसीएस या आयटी कंपनीने जाहीर केलं की २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करणार, आणि त्यात मिडल आणि सीनियर लेव्हलचे लोक मुख्यतः. पुण्यात त्याची चर्चा किती घरांत झाली असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. तुमची नोकरी जाईल असं मी म्हणत नाही. पण घराचे हप्ते चालू असतील तर तेही धरून सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडलेला नसताना साडेतीन लाख डाउन पेमेंटला देणं मला पटत नाही.

मग मी काय केलं असतं? तुमच्या जागी मी साडेआठ-नऊ लाख ऑन-रोडची चार मीटरच्या आतली गाडी बघितली असती, भारत एनकॅप या आपल्याकडच्या क्रॅश टेस्टची रेटिंग बघून, सहा एअरबॅग आणि आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायचे हुक) असलेली, आणि लोन पाच वर्षांचंच. ५ लाखांच्या लोनला पाच वर्षांचा हप्ता साडेदहा हजारांच्या खाली येतो, वाढीतले निम्मे पैसे तसेच राहतात. किंवा मोठीच गाडी हवी असेल तर तीन-चार वर्षांची सेकंडहँड. पहिली घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते, इन्शुरन्सच्या हिशेबातच बघा ना, तीन वर्षांनंतर आयडीव्हीसाठी, म्हणजे कंपनी धरते त्या गाडीच्या किमतीसाठी, ४० टक्के घसारा धरतात. सेकंडहँडला व्याज जास्त लागतं आणि सर्व्हिस हिस्टरी, हायपोथिकेशन (कागदावरची बँकेच्या लोनची नोंद) निघालंय का, हे बघायची डोकेदुखी असते, पण चांगली गाडी मिळाली तर १५ लाखांतली एसयूव्ही तुम्हाला बरीच खाली येऊन मिळेल. अजून एक, सोसायटीत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायचं) असेल तर आधी त्याची उंची आणि वजनाची लिमिट विचारा. आमच्याकडे एकांची नवीन गाडी वरच्या लेव्हलला बसत नाही म्हणून रोज रस्त्यावर उभी असते.

टेस्ट ड्राइव्हला घरच्या सगळ्यांना न्या. तुमच्या आईवडिलांपैकी कुणाला गुडघ्यांचा त्रास असेल तर त्यांना दोन-तीनदा चढू-उतरू द्या, कधीकधी उंच गाडी खरंच लागते आणि मग माझं वरचं सगळं गणित बाजूला ठेवून तीच घ्या. मुलीची सीट सोबत नेता आली तर मागे लावून बघा.

आणि वॅगन आर विकताना दोन गोष्टी. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, नव्या मालकाच्या नावावर ट्रान्सफर झाल्याशिवाय निवांत होऊ नका, कागदावर मालक तुम्हीच असाल तर पुढे त्या गाडीने झालेल्या अपघाताची जबाबदारीही तुमच्यावर येऊ शकते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मधे हे स्पष्ट केलंय. दुसरं, इतकी वर्षं क्लेम नसेल तर तुमचा नो क्लेम बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला असणार. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं लेटर घ्या, तीन वर्षं चालतं, नव्या गाडीच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियममधे तेवढी सूट मिळते. डीलर हे आपणहून सांगेलच असं नाही, कोटेशन घ्यायच्या आधीच मागून ठेवा.