खालची रेघ

"म्हणजे टायपिंगच ना?" मी काय करते हे सांगितलं की हा प्रश्न ठरलेला. मी गाण्याचं नोटेशन छापण्याजोगं करून देते. कुणी खरडलेला कागद पाठवतं, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर गुणगुणून पाठवतं. मागे कुकर. कुकरची शिट्टी तेवढी सुरात असते.

स्टुडिओवाले बरे, त्यांची घाई तरी खरी असते. परवा रात्री साडेअकराला एका असिस्टंटचा फोन. "मॅडम, सगळ्यांचे पार्ट सीमध्ये आणि क्लॅरिनेटचाच डीमध्ये! उद्या दहाला रेकॉर्डिंग आहे हो!" हे क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक स्वर खाली वाजतं, म्हणून एक स्वर वर, सीऐवजी डीमध्ये, लिहायचं, हे तीनदा सांगितलं. शेवटी म्हणाला, "ठीक आहे, पण सगळ्यांचं सारखं दिसलं असतं तर बरं वाटलं असतं."

पण काकांची सर कुणालाच नाही. गिरगावातले काका गुरुजींच्या बंदिशींचं पुस्तक काढतायत, भातखंडे पद्धतीत, म्हणजे संगीतज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांच्या स्वरलिपीत. (भातखंडे आपल्या वाळकेश्वरचे, जन्म १८६०चा, काका बोलतात असे की जणू शेजारच्याच बिऱ्हाडात राहायचे.) चार महिन्यांत अकरा प्रुफं झाली. एकदा तर समेचं, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेचं, चिन्हच आवडलं नाही.

"ही फुलीसारखी दिसतेय गं."

"फुलीच आहे काका."

"हो, पण बंदिश चुकलीय असं वाटतं!"

मग त्यांनी 'शेवटचा हात फिरवायला' वर्ड फाइल मागितली आणि मी दिली. तिथेच फसले. दुसऱ्या दिवशी फोन. "अगं, आमच्या भाच्याने शुद्धलेखन तपासलं. केवढ्या चुका! पानोपानी अक्षरांखाली रेघाच रेघा. सगळ्या काढल्या त्याने."

भातखंडे पद्धतीत स्वराखाली आडवी रेघ म्हणजे तो स्वर कोमल, जरा उतरलेला. रेघ गेली की शुद्ध. पोराने अक्षरशः शुद्धलेखन केलं होतं. रागच बदलले होते: भैरवी सरळ बिलावलात जाऊन बसली होती, मालकंसाचा भिन्नषड्ज झाला होता. यमन तेवढा वाचला, कारण त्यात कोमल स्वर नाहीत आणि तीव्र (चढ्या) मध्यमाची रेघ डोक्यावर उभी असते.

"काका, तुमची भैरवी गेली."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच, "पण पान कसं स्वच्छ दिसतंय, नाही?"

जुनी फाइल माझ्याकडे आहे, हे मी पाच मिनिटं मुद्दाम सांगितलं नाही. सांगितल्यावर त्यांना लगेच हुशारी आली. बाराव्या प्रुफाच्या पैशांचा विषय काढला तर म्हणाले, "रेघाच तर मारायच्यात! चहाला ये एकदा, बोलू."

चहाला गेले नाही, बिल पाठवलं. एरवी एकूण रकमेखाली मी ठळक रेघ मारते. या वेळी नाही मारली. काका रक्कम कोमल धरायचे.