भाजलेल्या संत्र्याने वास परत येत नाही

कोरोनात गेलेला वास परत आणायचा हा उपाय अजूनही फिरतोय: संत्रं साल काळी होईपर्यंत गॅसवर भाजा, साल काढा, आतला गर ब्राउन शुगर घालून गरम गरम खा, वास आणि चव लगेच परत. जमैकातला हा घरगुती उपाय २०२०च्या अखेरीस टिकटॉकवरून जगभर गेला.

‘खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी वास आला, मग हे व्हिडिओ खोटे का?’ खोटे नसतीलही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२२ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा छापला. कोरोनात वास गेलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोकांना तो तीस दिवसांत परत आला होता, तीन महिन्यांत ९० टक्के लोकांना, सहा महिन्यांत जवळपास ९६ टक्के लोकांना. वैतागून माणूस संत्रं भाजायला घेतो तोवर बहुतेकांचा वास तसाही परतीच्या वाटेवर असतो. ज्यांचा आला नाही, ते व्हिडिओ टाकत नाहीत.

‘उष्णतेने नाकातली बंद नस मोकळी होते.’ बंद झालेलं असं तिथे काही नसतंच. नाकाच्या अगदी वरच्या टोकाला अस्तराचा एक छोटा पट्टा असतो. त्यात वास टिपणाऱ्या चेतापेशी आणि त्यांना सांभाळणाऱ्या आधारपेशी शेजारी शेजारी असतात. कोरोनाच्या विषाणूला आत शिरायला लागणारं एसीई-२ हे प्रथिन प्रामुख्याने आधारपेशींवर असतं, म्हणून आधी त्या कोसळतात आणि चेतापेशींचं काम थांबतं. सुदैवाने या चेतापेशी तळाच्या मूळपेशींपासून आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. पोटात गेलेलं संत्रं त्यात काहीच करू शकत नाही.

‘पण खाताना चव कळली!’ आंबट, गोड, गरम हे तोंडात कळतं, आणि वास गेलेल्या अनेकांची जीभ बरीचशी शाबूत असते. संत्र्याचा स्वाद, आमटीतली फोडणी हे मात्र नाकाचं काम. घास चावताना त्यांचा गंध घशामागून वर चढतो. कापूर-ओवा-लवंगेच्या पुरचुंडीतही हीच गल्लत होते. हुंगल्यावर नाकात थंडगार झिणझिणी आली की वाटतं, आला वास! ती झिणझिणी चेहऱ्याच्या संवेदनेची वेगळीच नस पोचवते. वास पूर्ण गेलेल्यालाही कापूर झोंबतो. पडताळायचंच असेल तर न झोंबणारं काही घ्या, व्हॅनिला किंवा गुलाबपाणी.

‘करून बघायला काय जातं?’ याचा मला खरोखर राग येतो. संत्र्याने काही बिघडत नाही, पण तो फसला की पुढचा मेसेज नाकात लिंबाचा रस नाहीतर मोहरीचं तेल घालायला सांगतो. तेल फुफ्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. अमेरिकेत नाकात घालायच्या जस्ताच्या औषधांमुळे वास गेल्याच्या तक्रारी आल्या आणि २००९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला ती वापरू नका असा इशारा द्यावा लागला. शिवाय काही आठवड्यांनी कॉफी, कांदा-लसूण, तळण कुजकं किंवा जळकं लागायला लागतं, तेव्हा माणूस उपाय उलटला म्हणून हबकतो. प्रत्यक्षात नव्या चेतापेशी जोडल्या जाताना असं बऱ्याचदा होतं. जेवण नकोसं झालेल्या माणसाला हे कोणीतरी वेळेवर सांगायला हवं.

घरी करण्यासारखं एक आहे: वासाचा सराव. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये तो मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग असे चार वास चार झाकणाच्या बाटल्यांत ठेवायचे. सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली दहाएक सेकंद हलकेच हुंगायची, तो वास मनात आठवत. निदान बारा आठवडे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, पण अपाय नाही.

महिनाभरात काहीच फरक नसेल, किंवा डोक्याला मार लागून वास गेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तोवर गॅसची गळती तुम्हाला कळणार नाही, म्हणून रोज रात्री रेग्युलेटर बंद करा.